आपल्यासारखं बोलणारा माणूस

शहरात जाताना घरच्यांनी मला बजावून पाठवलं होतं. पाकीट आतल्या खिशात ठेव, कुणी दिलेलं काही खाऊ नको, गर्दीत पिशवी पोटाशी धर. सगळं पाळलं. पाकीट अजूनही माझ्याकडेच आहे. गेलं ते खात्यातलं.

गावाकडून पहिल्यांदा मोठ्या शहरात उतरलं की माणूस आधी गोंधळतो तो कुणी बघतच नाही म्हणून. गावात अनोळखी माणूस दिसला की चार जण विचारतात, कुणाकडं आलात? इथं मी तिघांना रस्ता विचारला. दोघांच्या कानात वायरी होत्या, तिसऱ्यानं चालता चालता हात कुठंतरी केला. सरकत्या जिन्यापाशी ही, म्हणजे माझी बायको, पाय टाकू की नको करत उभी, आणि मागचे वैतागलेले. तासाभरात मन इतकं बारीक होतं की कुणी नुसतं "काका" म्हटलं तरी भरून येतं.

तसा तो आला. मुलीच्या फीचे पैसे काढायला मी स्टेशनजवळच्या एटीएममध्ये शिरलो होतो. मशीन कार्ड घेईना. तो मागेच होता. "काका, गाव कोणतं तुमचं?" बोलणं अगदी आमच्याकडचं, हेल सुद्धा. मी गाव सांगितलं. लगेच म्हणाला, "आमची बहीण त्याच बाजूला दिलीय." आता विचार करतो तेव्हा कळतं, गाव, तालुका, मुलीचं कॉलेज, सगळं मीच सांगितलं होतं. तो फक्त मान डोलवत होता.

माझं कार्ड घेतलं, शर्टाला पुसलं, आत घातलं. मी चार आकडे दाबले, तो बघतच होता. एक बटण त्यानंही दाबलं. पैसे आले नाहीत. "मशीन रिकामी दिसतेय, दुसरीकडं बघा." कार्ड हातात दिलं, आम्हाला बसपर्यंत सोडलं, वाकून नमस्कार केला. मी सुखी राहा म्हणालो!

हातात आलेलं कार्ड माझं नव्हतं. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्याच कुणाचं. पुसायच्या निमित्तानं अदलाबदल झाली होती. नाव वाचायचं डोक्यातच आलं नाही. आपलं कार्ड कोण वाचतं? तेवढं एक करा. त्या खोलीतून पाय बाहेर टाकण्याआधी कार्डावरचं नाव वाचा. आत दुसरं कुणी असेल तर आकडे दाबूच नका. त्याला राग आला तर येऊ दे.

मेसेज आले होते, पण इंग्रजीत, आणि जाहिरातींच्या ढिगात. रात्री दहालाच झोपणारा माणूस मी. पहिले दोन व्यवहार बाराच्या आधीचे, पुढचे दोन बारा वाजून गेल्यावरचे. एका दिवसात किती काढता येतात याची मर्यादा असते, तारीख बदलली की ती पुन्हा मोकळी होते. त्याला हे पाठ होतं. मला बँकेत गेल्यावर कळलं.

बँकेत साहेब म्हणाले, पिन तुम्हीच त्याच्यासमोर दाबला, तेव्हा तुम्ही कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. मी सकाळी अकराला कळवलं. खरं तर कार्ड बंद करायचा नंबर कार्डाच्या पाठीवरच असतो, आणि बँक तीच असल्यामुळे त्या परक्या कार्डावरही तो होता. रात्रभर माझ्या उशाखाली. आता तो नंबर मी डायरीत आणि हिच्या पर्समध्येही लिहून ठेवलाय.

ते परकं कार्ड साहेबांनी ठेवून घेतलं. आधीच बंद केलेलं निघालं. म्हणजे त्याचा मालकही कधीतरी माझ्यासारखाच अशा टेबलासमोर बसला असणार.

तक्रार लिहून घेणाऱ्यानं वर्णन विचारलं. उंची, रंग, कपडे. मला काहीच धड आठवेना. ही बाजूला गप्प बसलेली. शेवटी मी म्हणालो, आमच्यासारखं बोलत होता. त्यानं पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि ते काही लिहिलं नाही.