फुकटची मुंबई: फोर्ट की मलबार हिल?

एकच दुपार हाताशी असेल तर फोर्ट निवडा. सीएसएमटीला उतरून गेटवेपर्यंत अडीचेक किलोमीटर चालायचं, तिकीट कुठेच नाही. वाटेत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी. प्रवेश मोफत, सकाळी अकराला उघडते. तिथून ओव्हल मैदान गाठा. पूर्वेला राजाबाई टॉवर या घड्याळाच्या मनोऱ्यासह टोकदार कमानींच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको शैलीतल्या. 2018 पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. टॉवरचा दगड उजळतो तो उतरत्या उन्हात, म्हणून चारनंतरच या.

चूक होते ती सूर्यास्ताची. लोक गेटवेला थांबतात, पण त्याचं तोंड पूर्वेला. मावळता सूर्य हवा तर चर्चगेटमार्गे मरीन ड्राइव्ह गाठा.

मलबार हिल मुलांसाठी आणि सकाळसाठी बरं. हँगिंग गार्डन, म्हातारीच्या बुटाचं कमला नेहरू पार्क, मग खाली बाणगंगा तलाव. बसने वर जाऊन उतारानेच या. उलट केलंत तर चढणीत पोरं कंटाळतात. बाणगंगेच्या पायऱ्या पाण्याजवळ शेवाळलेल्या असतात, जपून. पावसाळ्यात मात्र फोर्टच: कमानींखालून बरंच अंतर कोरडं चालता येतं.