डायरेक्ट बस की मध्ये गाडी बदलून?

घर किंवा ऑफिस बदललं की हा प्रश्न हमखास येतो. रोज स्वतःची गाडी काढून ट्रॅफिकमध्ये बसायचं नाही, एवढं ठरलेलं असतं. आता घराजवळून ऑफिसच्या दारापर्यंत जाणारी डायरेक्ट बस घ्यायची, की येईल त्या बसने मेट्रो स्टेशन गाठून पुढे मेट्रोने जायचं? डायरेक्ट बस चाळीस मिनिटांनी एक. मेट्रो पाच-सहा मिनिटांनी, पण मध्ये उतरा, जिने चढा, पुन्हा उभे राहा. मी साडेतीन वर्षं डायरेक्ट बसने गेलो आणि गेली दोन वर्षं गाडी बदलून जातो, म्हणून दोन्हीबद्दल लिहितोय.

डायरेक्ट बसचं सुख खरं आहे. आमचा थांबा सुरुवातीच्या थांब्यांपैकी, त्यामुळे सकाळी बहुतेक वेळा खिडकीची जागा मिळायची. एकदा बसलं की पन्नास-पंचावन्न मिनिटं कुणी उठवत नाही. वाचन व्हायचं, झोप व्हायची, जड पिशवी मांडीवर घेऊन निवांत जाता यायचं. मेट्रोत गर्दीच्या वेळी मला क्वचितच बसायला मिळतं. बाजू इतकी भक्कम असूनही मी ती सोडली, आणि कारण प्रवासाचं नव्हतं, त्याआधीचं होतं.

संध्याकाळची बस सहा पाचची. म्हणजे पावणेसहापासून माझं लक्ष घड्याळात. कुणी बोलायला आलं तरी मनात हिशेब चालू, कारण ती गेली की पुढची पावणेसात. धावत थांब्यावर पोचायचं आणि मग रस्त्याच्या टोकाकडे मान लांब करून उभं राहायचं. दूरवर बस दिसली की रांगेतले सगळे एक पाऊल पुढे सरकायचे, डोळे बारीक करून पाटीवरचा नंबर वाचायचा प्रयत्न करायचे. नंबर दुसराच निघाला की सगळे परत एक पाऊल मागे. बस यायची आहे की आपण पोचायच्या आधीच गेली, हे कुणालाच ठाऊक नसायचं. चाळीस मिनिटं थांबणं मी एखाद वेळी सहन केलं असतं. पण पाच मिनिटं थांबायचंय की पंचेचाळीस, हेच न कळणं मला रोज पोखरत गेलं. पंचावन्न मिनिटांच्या प्रवासासाठी मी हातात दीड तास ठेवायला लागलो होतो, हे लक्षात आलं त्या आठवड्यात मी मार्ग बदलला.

डायरेक्ट बस इतक्या अंतराने का असते, हे समजल्यावर डेपोवरचा रागही कमी झाला. समजा चार वस्त्या आहेत आणि कामाची चार ठिकाणं. प्रत्येक वस्तीतून प्रत्येक ठिकाणी डायरेक्ट बस द्यायची तर सोळा मार्ग होतात. तेवढ्याच गाड्या मध्यावर एकत्र येणाऱ्या चार मार्गांवर घातल्या, तर चाळीस मिनिटांनी येणारी बस साधारण दहा मिनिटांनी येऊ शकते. डायरेक्टपणाची किंमत आपण थांब्यावर उभं राहून मोजत असतो.

त्यात ट्रॅफिकची भर. एखादी बस सिग्नलला अडकून उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला माणसं कमी, म्हणून ती पुढचीला गाठते. अर्धा तास काही नाही आणि मग एकामागे एक दोन बस, असं होतं ते यामुळे. दहा मिनिटांनी एक बस नीट येत असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस वीस मिनिटांनी जोडीने आल्या की दहा. गाड्या तेवढ्याच, ताटकळणं दुप्पट.

मेट्रोचा वक्तशीरपणा मुख्यतः यातून येतो की तिच्या वाटेत दुसरं कुणी येत नाही. बसला स्वतःची लेन दिली तर बसही तशीच धावते. ब्राझीलमधल्या कुरिचिबाने १९७४ पासून आणि कोलंबियातल्या बोगोटाने २००० पासून ते करून दाखवलं. बोगोटात तर तिकीट स्टेशनवरच निघतं आणि फलाट बसच्या दाराच्या उंचीचा असतो, म्हणून बस थांब्यावर फार रेंगाळत नाही. तुमच्या शहरात वेगळ्या लेनमधून जाणारी डायरेक्ट बस असेल, तर मी वर लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही.

गाडी बदलण्याचा त्रास मी कमी लेखत नाही. बसमधून उतरून मेट्रोच्या फलाटावर पोचायला मला चार मिनिटं लागतात, त्यात दोन जिने. हीच चाल दहा मिनिटांची आणि उघड्यावरून असती, तर कदाचित मी आजही डायरेक्ट बसमध्ये असतो. चिलीच्या राजधानीत, सँटियागोत, १० फेब्रुवारी २००७ ला अख्ख्या शहराची बससेवा एकदम मुख्य मार्ग आणि त्यांना वस्त्यांशी जोडणारे जोडमार्ग अशी बदलली. बस अपुऱ्या, लेन आणि थांबे पुरते तयार नाहीत, आणि गाडी बदलणारी सगळी गर्दी मेट्रोवर कोसळली. शेवटी राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट यांना लोकांची माफी मागावी लागली. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने १ जुलै २००४ ला जवळपास तसाच बदल केला. निळ्या बस मुख्य मार्गांवर, हिरव्या बस वस्त्यांमधून स्टेशनांपर्यंत. पहिले काही दिवस तिथेही गोंधळ झाला, पण रस्त्याच्या मधोमध बसच्या लेन होत्या, आणि मध्ये गाडी बदलली तरी भाडं एकूण अंतरावर धरलं जात होतं. बदलण्याचा वेगळा दंड बसत नसेल तर माणूस बदलायला तयार होतो, असा माझा स्वतःचाही अनुभव आहे.

गुडघे दुखत असतील किंवा सोबत लहान मूल असेल, तर डायरेक्ट बसच बरी, असं मला वाटतं. रात्री उशिरा परतणाऱ्यांनी स्टेशनवरून घराकडे जाणारी शेवटची बस कधीची, हे आधी पाहून घ्यावं. तिथे गाडी बदलायचा मार्ग दगा देऊ शकतो.

बाकीच्यांना मी सांगेन, एक एक आठवडा दोन्ही मार्गांनी जाऊन पाहा. घरातून पाय बाहेर टाकल्यापासून खुर्चीत बसेपर्यंतची वेळ लिहा आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस बघा, कारण निघायची वेळ आपण त्याच दिवसाच्या धास्तीने ठरवतो. माझा डायरेक्ट बसचा वाईट दिवस एक तास चाळीस मिनिटांचा होता. गाडी बदलून जातानाचा, एक तास पाच मिनिटांचा. आमच्या थांब्यावरून तीन वेगवेगळ्या नंबरांच्या बस मेट्रो स्टेशनकडे जातात. पाटी न वाचता जी येईल तीत चढतो.

सामान जास्त असेल त्या दिवशी मात्र अजूनही सहा पाचची पकडतो. पावणेसहालाच उठावं लागतं.