रोबोटिक हात: सर्वो की स्टेपर?
सुट्टीच्या दिवशी टेबलावर छोटा रोबोटिक हात जुळवायचा, तर पंजासाठी एसजी-९० सर्वो ही छोटी मोटर पुरते. वजन जेमतेम ९ ग्रॅम, वेगळा ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) नको. कोन सांगितला की तिथे जाऊन थांबतो. मात्र आतली चाकं प्लास्टिकची. जोर पडला की दाते गेलेच! (माझ्या डब्यात असे चार पडलेत.)

खांद्याला मी नेमा-१७ स्टेपरच (पावलापावलानं फिरणारी मोटर) लावेन. नेहमीच्या मोटरीत एका फेरीला २०० पावलं, म्हणजे पावलागणिक १.८ अंश. पण त्याला स्वतःची जागा ठाऊक नसते. अडखळून चार पावलं चुकली, तरी पठ्ठ्या पुढचं मोजतच राहतो. म्हणून दरवेळी आधी लिमिट स्विचला (टोकाला बसवलेलं, हात टेकला की दाबलं जाणारं बटण) टेकवून शून्य ठरवायचं. शिवाय नुसता उभा असला तरी वीज खातो आणि तापतो.