आदेश मोडल्यावर खरी उपयोगी पडलेली मोफत विधी सेवा

माझ्या धाकट्या बहिणीला तालुक्याच्या न्यायालयातून पतीविरुद्ध संरक्षण आदेश मिळाला, तेव्हा वकील तालुका विधी सेवा समितीने दिला होता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला ही मदत उत्पन्न न पाहता मिळते आणि आम्हालाही एक रुपया खर्च आला नाही. परंतु या सेवेचे खरे मोल आम्हाला कळले ते आदेश मोडला गेला तेव्हा.

कापूस वेचणीच्या दिवसांत जावई, म्हणजे बहिणीचा नवरा, दोनदा वावराच्या धुऱ्यावर येऊन तिला धमकावून गेले आणि त्यानंतर रात्री-अपरात्री फोन करू लागले. कोणत्याही मार्गाने, फोननेसुद्धा, संपर्क साधू नये असे आदेशात स्पष्ट लिहिलेले असताना, ठाण्यात मात्र हा नवराबायकोचा घरगुती वाद असल्याचे सांगून आमची तक्रार अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, म्हणून नोंदवली गेली आणि तशी पावती हातात दिली गेली. दिवसभराची मजुरी बुडवून माझी बहीण रडत घरी परतली.

दुसऱ्या दिवशी विधी सेवेच्या वकील मॅडमनी ती पावती वाचली आणि कायद्याचे पुस्तक उघडून आमच्यासमोर ठेवले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ च्या कलम ३१ नुसार संरक्षण आदेशाचा भंग, मग तो आदेश अंतरिम असला तरी, हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ३२ प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तसेच केवळ पीडित स्त्रीच्या साक्षीवरूनही न्यायालय तो घडल्याचा निष्कर्ष काढू शकते. धुऱ्यावर त्या वेळी दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे हे शेवटचे वाक्य ऐकून बहिणीला जो धीर आला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

मॅडमनी खोटी आशाही लावली नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे, न्यायालय तो देऊ शकते. शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्याने पोलीस लगेच अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीसही देऊ शकतात. आणि थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. त्याच बैठकीत तारीख-वेळेसह लेखी तक्रार तयार झाली, तिला आदेशाची प्रत आणि फोनच्या नोंदी जोडल्या गेल्या, आणि ठाण्याने नकार दिल्यास हीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, हेही सांगितले गेले. त्या तक्रारीवर गुन्हा नोंद झाला.

एक उणीव मात्र गंभीर आहे. आदेश हाती पडला त्या दिवशी, तो मोडला गेल्यास काय करायचे हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत संबंधित ठाण्याला मोफत पाठवली जाते. ती तेथे पोहोचली की नाही याची खात्री तेव्हाच करून घेतली असती, तर आमची पहिली फेरी वाया गेली नसती. समितीने आदेशासोबत ही माहिती सोप्या मराठीत एका कागदावर छापून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कार्यालयात गर्दी असते, बसायला बाक एकच आहे. तरीही ज्या बहिणींवर ही वेळ आली असेल त्यांनी आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन तेथे अवश्य जावे. तालुक्याला जाणे जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मदत मागता येते.