क्लिकर की एबीसीडी कार्डं?

वर्गात मुलांना विचार करायला लावायचा असेल तर क्लिकर (प्रत्येक मुलाने उत्तराचा पर्याय दाबायचा छोटा रिमोट) घ्यावा की साधी ए, बी, सी, डी लिहिलेली कार्डं, हा प्रश्न मला खूपदा पडलाय.

क्लिकरचा मोठा प्लस पॉइंट म्हणजे कोणी काय दाबलं ते शेजारच्याला कळत नाही, त्यामुळे लाजरी मुलंही बिनधास्त उत्तर देतात आणि स्क्रीनवर लगेच ग्राफ येतो. कार्डं वर केली की मात्र अर्धी मुलं हुशार पोराकडे बघून हळूच आपलं कार्ड बदलतात 😄 पण कार्डाला ना बॅटरी लागते ना रिसीव्हर.

आता खरी गंमत प्रश्नात आहे. 'घनतेचं सूत्र काय' असं विचारलंत तर दोन्ही सारखेच फुकट. त्याऐवजी विचारा, तळ्यातल्या होडीत दगड आहे, तो उचलून पाण्यात टाकला, तर तळ्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये हेच सुरू केलं, आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग परत मत. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच वाद रंगतो, आणि हा आकडा क्लिकर अचूक देतो, कार्डांत नजरेने अंदाज घ्यावा लागतो.

तरी ३०-४० मुलांच्या वर्गात मी कार्डंच घेईन, मोठा हॉल असेल तर क्लिकर.

(पातळी कमी होते बरं का.)