सीटीआर १४ टक्के आणि १,३८,५४० रुपयांचा चुना

डोंबिवलीत माझा वॉटरप्रूफिंगचा धंदा आहे. गच्चीचा कोबा, बाथरूमची गळती, बाहेरच्या भिंतींच्या भेगा. आमचा सीझन मार्च ते मे, पाऊस लागला की संपलं. त्याच तीन महिन्यांत गूगल अॅड्स चालवून देतो म्हणून एका एजन्सीने माझ्याकडून १,९२,४८० रुपये घेतले. महिन्याला ५०,००० बजेट, वर १२,००० फी, फीवर १८ टक्के जीएसटी. बजेटही त्यांच्याच खात्यात भरायचं, "सर, तुमच्या डोक्याला ताप नको." प्रत्यक्षात तीन महिन्यांत जाहिरातींवर गेले ११,४६०. उरलेले १,३८,५४० त्यांनी गिळले.

मला बावळट म्हणायच्या आधी ऐका. एप्रिलच्या रिपोर्टवर हिरव्या ठळक अक्षरांत होतं, सीटीआर १४ टक्के. जाहिरात शंभरदा दिसली तर चौदा क्लिक. कुणालाही बरंच वाटेल. आकडा खोटाही नव्हता, हीच तर हरामखोरी! जूनमध्ये भाचीने त्यांच्या मागे लागून बघण्यापुरता अॅक्सेस मिळवला आणि कीवर्डनुसार, म्हणजे कुठल्या शोधशब्दावर जाहिरात लावली त्यानुसार, फोड करून दाखवली. माझ्याच फर्मचं नाव कीवर्ड म्हणून घातलेलं. ते ५०० वेळा दिसलं, २१५ क्लिक, म्हणजे ४३ टक्के. आणि ज्यावर नवीन कामं यायची तो 'वॉटरप्रूफिंग' १,२०० वेळा दिसला, क्लिक २४. दोन टक्के. दोन्ही एकत्र केले की १४. अहो, माझं नाव टाकून शोधणारा आधीच माझं गिऱ्हाईक, त्याला फक्त फोन नंबर हवा असतो! जाहिरातीखाली माझी वेबसाइट फुकटात दिसतच होती. तुमच्या नावाचा कीवर्ड नेहमी वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवायला लावा आणि त्याचा सीटीआर बाकीच्यांत मिसळू देऊ नका.

त्या २४ क्लिकचीही तीच रड. ब्रॉड मॅच, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधावर जाहिरात दाखवायची सेटिंग, लावून सोडून दिलेलं. सर्च टर्म्समध्ये काय, तर 'वॉटरप्रूफिंग कोर्स', 'वॉटरप्रूफिंग केमिकल प्राइस' आणि चक्क 'मोबाइल वॉटरप्रूफ पाउच'. निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्यावर जाहिरात दाखवायचीच नाही असे शब्द, एकही नाही. दर आठवड्याला सर्च टर्म्स रिपोर्ट मागा. लोकांनी खरंच काय टाइप केलं ते तिथेच कळतं.

कळायला हवं होतं ते मे महिन्यात. एका जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला, "अरे, तुझं नाव टाकलं तर पहिली तुझी जाहिरातच आली की! मोठा झालास." मी खूश. त्या क्लिकचे पैसे मीच भरतोय हे डोक्यातच आलं नाही. आणि रिपोर्टच्या स्क्रीनशॉटला उजवीकडचा रकाना कापलेला होता, 'कॉस्ट'चं पहिलं अक्षर तेवढं दिसत होतं. मला वाटलं, प्रिंट नीट आली नसेल. ऐन सीझनला दिवसभर उन्हात गच्चीवर उभा असतो मी, रात्री रकाने तपासत बसू? त्याचीच तर फी घेत होते ना! तुम्ही मात्र पीडीएफ आणि स्क्रीनशॉट घेऊच नका. अकाउंट आपल्या ईमेलवर, कार्ड आपलं, एजन्सीला फक्त अॅक्सेस.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "लिंक आली होती का? ओटीपी दिला होता का?" नाही. "मग सायबरमध्ये बसत नाही." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, जाहिरातही लागली होती, हा दिवाणी मामला, ठाण्यात जा. ठाण्याने परत त्यांच्याकडे धाडलं. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर ऐकवलं की तुम्ही सेवा धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याने त्यासाठी घेतलेल्या मालाला यातून सूट आहे, हे मी मोबाइलवर काढून वाचून दाखवलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "वकील करा." नोटिशीचे ३,५०० गेले, उत्तर नाही. गल्लीत पाकीट मारलं असतं तर निदान पंचनामा तरी झाला असता!

सीटीआरवर खूश होऊ नका, फोन किती आले आणि एका फोनला किती पैसे पडले ते विचारा. गूगलचं मूळ बिल मागा, एजन्सीचं नाही. आणि चेंज हिस्टरी उघडून बघाच. खात्यात कुणी कधी काय बदललं ते तारखेसकट तिथे दिसतं. माझ्या खात्यात ४ मार्चनंतर एकही नोंद नव्हती. 'ऑप्टिमायझेशन'ची, म्हणजे जाहिरात सुधारत राहण्याची, तीन महिन्यांची मिळून ४२,४८० रुपयांची बिलं मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला न चुकता येत होती.