१८ लाख ७५ हजारांची टोपी

मे अखेरीस आंब्याचे पैसे हातात पडतात आणि जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन' जर्मन गाड्या रत्नागिरीत उतरायला लागतात. गणपतीला दारात मोठी गाडी कुणाला हवी आहे, हे या एजंटांना आपल्या सोयऱ्यांपेक्षा आधी कळतं. टोकनची घाई, 'कोल्हापूरचं गिऱ्हाईक निघालंय' वगैरे नाटक सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. आमचे पैसे असे गेले: टोकन ५१,०००, आरटीजीएस १७,२४,००० आणि 'ट्रान्सफर व इतर' म्हणून रोख १,००,०००, ज्याची पावती नाही. हातात आली ती समोरून चेपलेली, विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशी) धरलेली आणि नंतर कुठल्यातरी शेडमध्ये ठोकून-रंगवून पुन्हा उभी केलेली सेडान.

गाडी भर पावसात दाखवली. ओल्या पत्र्यावर रंगाची लाट दिसत नाही, रंगछटेतला फरक दिसत नाही, पुट्टीची कडही दिसत नाही. पाणी सगळं एकसारखं चमकवतं. म्हणून पहिली गोष्ट: ओली किंवा नुकती धुतलेली गाडी बघायचीच नाही. कोरडी करून, उघड्यावर, वाकून बघायची. विजेच्या खांबाचं प्रतिबिंब दारावरून फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) जाताना मोडलं की समजा काम झालंय. आणि अतिगुळगुळीत रंगाला भुलू नका. कंपनीच्या रंगालाही हलकी ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) असते, पण ती सगळ्या गाडीभर सारखी असते. एकाच पॅनेलला आरशासारखी लकाकी असेल तर तिथे पॉलिश पेपर फिरलेला आहे.

आता तो क्षण, ज्याने अजून झोप उडते. एजंटने स्वतःहून खिशातून चुंबक काढला. छपराला चिकटला, मागच्या क्वार्टर पॅनेलला (मागच्या चाकावरच्या पत्र्याला) चिकटला. बॉनेटला चिकटला नाही. 'साहेब, ॲल्युमिनियम आहे, लक्झरी गाडी आहे.' खरं होतं ते. डाव्या फेंडरलाही चिकटला नाही. उजव्या फेंडरला टक्कन बसला. एकाच गाडीचा डावा फेंडर ॲल्युमिनियमचा आणि उजवा लोखंडाचा! कुठलीही कंपनी असली गाडी बनवत नाही. त्यावर तो म्हणाला, 'उजवीकडे वायरिंगचा ब्रॅकेट येतो आत, त्याला धरतो.' आणि तेवढ्यात सर आली, सगळे आडोशाला पळाले. पत्र्याचं काम न कळणारी माणसं तिथे नव्हती. पण इथे रोज येतात त्या लोखंडी पत्र्याच्या गाड्या. ॲल्युमिनियमची गाडी गॅरेजात वर्षाला एखादी दिसली तर दिसली. त्यात या कंपनीचं वर्कशॉप गाठायचं म्हणजे घाट चढून कोल्हापूर-पुणे नाहीतर गोवा. एजंट हे हिशेब करूनच खाली उतरतात.

चुंबक वाईट नाही, पण त्याला एकच प्रश्न विचारता येतो: डावी बाजू उजवीसारखी आहे का? रंगाची जाडी मोजायचं स्वस्त मीटर बऱ्याचदा फक्त लोखंडावर चालतं. ॲल्युमिनियमवर ते आकडाच देत नाही आणि एजंट सांगतो, 'बघा, काही लागलं नाही.' दोन्ही धातूंवर चालणारं मीटर न्या. मूळ रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो. २५० च्या पुढे दुसऱ्यांदा मारलेला, ५०० च्या पुढे खाली पुट्टी.

लोखंडी डुप्लिकेट फेंडर स्वस्त पडतो म्हणून लावतात. कंपनीची बॉडी रसायनाच्या हौदात बुडवून आतल्या कोपऱ्यापर्यंत प्रायमर चढवलेली असते. डुप्लिकेटला दिसेल तिथे रंग, आतून नुसता काळा स्प्रे. आपल्या खाऱ्या हवेत आतली कड एका पावसाळ्यात फुगते. उलट, ॲल्युमिनियमच्या भागाला साधा लोखंडी बोल्ट लावला की सांध्यात ओल धरून ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. तांबडा गंज येत नाही, रंगाखाली फोड येतो आणि फोडला तर पांढरी भुकटी निघते. डाव्या बाजूला बॉनेटच्या बिजागरीपाशी आज तेच चाललंय.

पॅनेलमधली फट बोटाने नको, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) मोजा. ३ की ४ मिलिमीटर यापेक्षा ती वर-खाली आणि डावी-उजवी सारखी आहे का, हे महत्त्वाचं. या गाडीत बॉनेटची फट डावीकडे ३.५ आणि उजवीकडे हेडलाइटपाशी ६ निघाली. हेडलाइटचे कान तुटलेले, प्लॅस्टिक वितळवून जोडलेले. बिजागरीच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला. दाराचं रबर बीडिंग ओढून खालचे स्पॉट वेल्डचे (पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडल्याचे) गोल खळगे बघा; कंपनीचे ठरावीक अंतरावर असतात, शेडमधल्या कामात ग्राइंडर फिरलेला असतो आणि सीलंट बोटाने फासलेलं.

काचांकडे कोण बघतो? पुढच्या दारांच्या काचा या वर्गात बऱ्याचदा दुपदरी, आवाज अडवणाऱ्या असतात. काच अर्धी खाली घेतली की कडेला मधला पापुद्रा दिसतो. आमच्या डाव्या काचेत दिसतो, उजवी साधी एकपदरी. महामार्गावर ऐंशीच्या पुढे उजव्या कानात वारा घुमतो तो त्यामुळे. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर उठून चालू लागा. विझला तरी खात्री नाही, कारण बॅगेच्या जागी रेझिस्टर बसवून दिवा गप्प करतात. डॅशबोर्डची शिवण दोन्ही बाजूंना सारख्या टाक्याची आहे का ते बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून लेबलवरची तारीख गाडीच्या सालाशी जुळते का ते वाचा. चिपळूण-महाडच्या २०२१ च्या पुरानंतर तर बेल्टच्या तळाची चिखलरेघ बघणं सक्तीचं व्हायला हवं होतं.

वर्कशॉपचं दुरुस्तीचं एस्टिमेट ६,४२,३००. आहे तशी विकली तर ७,१०,०००.

आणि मग दारं ठोठावणं. पोलीस ठाण्यात उत्तर: पैसे बँकेतून गेले, गाडी नावावर आहे, ही दिवाणी बाब. खोटं सांगून पैसे काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतं, हे अर्जात लिहून दिलं तर अर्ज 'चौकशीवर'. आरटीओत सांगतात, चेसिस नंबर जुळला, आमचं काम संपलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कायमच्या निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने १४ दिवसांत द्यायची असते. ती दिली नाही तर कोण विचारतं? कुणीच नाही. विमा कंपनी म्हणते, तेव्हाची पॉलिसी तुमच्या नावे नव्हती, माहिती मिळणार नाही. अहो, त्याच कंपनीने हा सांगाडा बोली लावून विकला ना! सर्व्हिस सेंटर आधी म्हणालं, इतिहास फक्त मालकाला मिळेल. मालक झाल्यावर मिळाला, त्यात क्रेनने आणल्याची आणि काम न करता क्रेनने नेल्याची नोंद. म्हणजे आधी १८ लाख मोजा, मग सत्य बघा. चार टेबलं, चौघांकडे एकेक तुकडा, आणि चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म २९ बी. ते आधी मागा. 'जशी आहे तशी' असं छापलेल्या पावतीवर सही करू नका. सध्याच्या मालकालाच सर्व्हिस इतिहास काढायला लावा. 'अपघात, पूर, टोटल लॉस नाही' हे विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या. रोख एक रुपया देऊ नका. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातो, १० ते २० लाखांना शुल्क फक्त ४०० रुपये. तोवर चिडून गाडी दुरुस्तीला टाकू नका. तो लोखंडी फेंडर बदलला की पुरावाही भंगारात जाईल.